इंदूताईंचा पहिला घास

आमच्या पुतणीला पाहायला देवासची मंडळी आली होती, तेव्हाची गोष्ट आधी सांगते, म्हणजे इंदूताई पोतनीस काय चीज होती ते लगेच कळेल. मुलगा समोर बसलेला, पुतणी मान खाली घालून, सगळ्यांच्या हातात पोह्यांच्या बशा. अशा वेळी शेजारच्या बाईनं काय करावं? मुलाचं नाक-डोळे बघावेत, त्याच्या आईचा स्वभाव जोखावा. इंदूताईंनी पहिला घास तोंडात टाकला, डोळे मिटले आणि भर बैठकीत म्हणाल्या, "मूलचंदकडे भट्टी जास्त तापली होती वाटतं."

मुलाची आई बिचारी बावरली. तिला वाटलं, मूलचंद म्हणजे घरातलं कुणी, आणि त्याचं काही बरंवाईट झालं. मी घाईघाईनं म्हटलं, "नाही हो, मूलचंद सेठ म्हणजे पोहा मिलवाले. आमच्या इंदूताईंचीपण मिल आहे. पोहे कुठल्या मिलचे ते त्यांना एका घासात कळतं." मुलाचे वडील हसले. म्हणाले, "मग आमच्या मुलाबद्दलही सांगा एका घासात." इंदूताई म्हणाल्या, "पोहे भिजल्यावर कळतात, मुलगा लग्नानंतर कळतो. थोडं थांबा." सगळे इतके हसले की लग्न तिथेच जमलं असं मी अजून मानते.

उज्जैनला नानाखेडा भागात आमची घरं भिंतीला भिंत लावून. इंदूताई माझ्यापेक्षा मोठ्या, पण हाक मारायच्या "शालू" अशी, जणू मी त्यांच्या माहेरची. बुटक्या, गोल, सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि केसांत कायम भाताचं एखादं तूस अडकलेलं. लग्नाला जायचं असलं, पैठणी नेसल्या असल्या तरी ते तूस असायचंच. मी काढायला गेले की म्हणायच्या, "राहू दे गं, तेच माझं सोनं."

मिल सासऱ्यांनी मक्सी रोडला घातलेली. नवरा संस्कृतचा प्रोफेसर, त्याला धान आणि गवत यांतला फरक कळत नव्हता. तेव्हा सासऱ्यांनी सुनेलाच भट्टीसमोर उभं केलं. प्रोफेसर पोतनीस स्वतःच सांगायचे, "आमच्याकडे मालकीण मिलवर जाते आणि मालक कपबशा विसळतो. सुखाचा संसार आहे." आणि खरंच विसळायचे हो, गुणगुणत.

पोहे म्हणजे काय, ऐकायला सोपं आहे. धान गरम पाण्यात भिजवायचं, निथळायचं, तापल्या वाळूत भाजायचं, मग चेपायचं आणि चाळायचं. पण भिजवण कमी झाली तर कडा टणक राहतात, भट्टी जास्त झाली तर धुराचा वास, धान जुनं असलं तर खवट. मक्सी रोडला यांच्या ओळखीतल्या नऊ मिल, आणि नऊ जणांचे पोहे नऊ तऱ्हेचे. म्हणून तर इंदूताईंची जीभ चालायची. हकीमभाईंच्या पोह्यांना कड असायची, मूलचंदच्या पोह्यांना धूर, आणि स्वतःच्या पोह्यांबद्दल विचारलं तर म्हणायच्या, "ते मला कसं कळणार? आपलं पोर आणि आपले पोहे, दोघांतली खोट शेजाऱ्यालाच दिसते."

या नऊ जणांत गिऱ्हाइकावरून जी भांडणं व्हायची, ती काय सांगू! जळगावचा एक व्यापारी मूलचंद सेठनी पळवला म्हणून इंदूताई त्यांच्याशी दिवाळीलासुद्धा बोलल्या नव्हत्या. पण त्यांच्यात एक रीत होती, सासऱ्यांच्या वेळेपासूनची. ज्याची भट्टी बिघडेल त्याचं धान शेजारच्या मिलवर जायचं. शेजारी ते भाजून, चेपून, ज्याचं धान त्याच्याच बोऱ्यांत भरून द्यायचा. बोरीवर नाव मूलचंदचं, आत हात इंदूताईंचा. गिऱ्हाइकाला पत्ता लागायचा नाही, आणि कुणी कुणाला उपकार बोलून दाखवायचा नाही. मी एकदा विचारलं, "अहो, त्याच्याशी बोलत नाही ना तुम्ही?" तर म्हणाल्या, "बोलत नाहीच. धान आलं होतं, तो कुठे आला होता?"

मग ती कंपनी आली.

नाव घेत नाही, पण तुमच्या घरातही तिचा एखादा डबा असेलच. परदेशी कंपनी, सकाळी दुधात घालून खायचे ते कुरकुरीत प्रकार विकणारी. त्यांना आता पोहे विकायचे होते. कागदी पेल्यात गरम पाणी ओता की पोहे तयार, असले. त्यासाठी उज्जैनच्या मिलचा माल हवा होता. नऊही मिलवाल्यांना वेगवेगळे फोन गेले. प्रत्येकाला हॉटेलात वेगळ्या वेळी बोलावलं, आणि वर सांगितलं, हे बोलणं तुमच्या-आमच्यातच राहू द्या.

आता उज्जैनमध्ये कुठली गोष्ट दोघांत राहिली आहे? टावर चौकात संध्याकाळच्या चहाला नऊ जणांनी एकमेकांना सांगून टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी हकीमभाईंच्या गाडीत बसून सगळेच्या सगळे पहिल्या वेळेला हजर! कंपनीचे साहेब पुण्याचे, तरुण, नम्र होता हो मुलगा. ते म्हणाले, "मॅडम, तुमची वेळ चारची आहे." इंदूताई म्हणाल्या, "हो ना, पण गाडी एकच होती, आणि बाहेर ऊन किती आहे!" आणि एसीखालची खुर्ची ओढून बसल्या. साहेबांनी हात टेकले. त्यांना बरं एकाच गोष्टीचं वाटलं, की बाई मराठी बोलतात. "तुम्ही इकडे कशा?" म्हणाले. इंदूताई म्हणाल्या, "आमचे पूर्वज सरदारांच्या मागे आले, दप्तर सांभाळायला. सरदार गेले, दप्तर गेलं, आम्ही राहिलो. पोहे चांगले मिळतात म्हणून."

त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांकडून नमुने मागवले. नमुने पुण्याला गेले, तिथे त्यांच्या लोकांनी ते भिजवले, मोजले, चाखले. निकाल सांगायला पुन्हा बोलावलं, तेव्हा इंदूताईंनी मलाही ओढून नेलं. "चल गं, त्या गार खोलीत माझे गुडघे आखडतात. बोलायला कुणी तरी हवं."

म्हणून मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

साहेब म्हणाले, पहिला नंबर मूलचंद सेठ. कंपनी वर्षभराचा सगळा माल त्यांच्याचकडून घेईल. इंदूताईंचे पोहे बरेच मागे पडले होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

मूलचंद सेठ उठले. मला वाटलं, हात जोडायला उठले. पण ते टोपी काढून डोकं खाजवायला लागले आणि इंदूताईंकडे हात करून म्हणाले, "साहब, एक गड़बड़ हो गई। माल तो बेनजी का है।"

"म्हणजे?"

झालं असं होतं, की नमुने मागवले त्या आठवड्यात सेठच्या भट्टीची भिंत तडकली होती. रिवाजाप्रमाणे धान इंदूताईंकडे गेलं, त्यांच्याकडून सेठच्या बोऱ्यांत भरून आलं, आणि सेठच्या माणसानं समोरची बोरी उघडून नमुना दिला. कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही की हा माल आपला नाही. बोरी आपली तर पोहे आपले, अशीच सवय. सेठ गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? स्वतःची भट्टी तडकलेली, समोर वर्षभराचं काम, आणि दिवाळीला न बोलणारी बाई बाजूला. तरी बोलले. मी तेव्हापासून त्यांना मनातल्या मनात नमस्कार करते.

साहेब गोंधळले. "पण मॅडमचे स्वतःचे पोहे तर मागे आहेत!"

सगळे इंदूताईंकडे बघायला लागले. त्यांनी पदर कमरेला पुन्हा घट्ट खोचला. मग म्हणाल्या, "दुसऱ्याचं धान होतं, म्हणून भट्टीसमोर मी स्वतः उभी राहिले. माझं होतं ते गड्यांवर सोडलं."

साहेब हुशार. लगेच म्हणाले, "म्हणजे तुम्ही स्वतः उभ्या राहिलात तर सगळ्यांत चांगला माल तुमचा. मग करार तुमच्याशी करू." कागद फिरून इंदूताईंसमोर आला. त्यात लिहिलं होतं ते साहेबांनी समजावून सांगितलं. सगळा माल कंपनीला. दुसऱ्या कुणाचं धान या मिलमध्ये येणार नाही, इथलं धान बाहेर जाणार नाही.

"आणि मूलचंदची भट्टी बिघडली तर?"

"ते तुमचे स्पर्धक आहेत, मॅडम."

"ते मला माहीत आहे हो. भट्टी बिघडली तर, असं विचारलं मी."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग जे बोलले ते चिडून नाही, कळवळ्यानं बोलले. "मॅडम, नऊ मिलच्या नऊ चवी आहेत. लोक पाकीट घेतात तेव्हा आज एक आणि उद्या दुसरी चव त्यांना नको असते. आज तुम्ही सही केलीत तर एक मिल तरी टिकेल. नाही केलीत तर आम्ही दुसऱ्या गावाहून माल आणू, इथल्या दुकानात ठेवू, आणि मग नऊही जातील. मला वाईट वाटेल, पण जातील."

इंदूताईंचा मुलगा सुहास पुण्याला नोकरीला. निकाल विचारायला त्याचा फोन तिथेच आला, कागदाचं कळताच म्हणाला, "आई, सही कर. हट्ट करू नकोस." इंदूताईंनी फोन पदरात गुंडाळला, कागद साहेबांकडे सरकवला आणि म्हणाल्या, "नऊ जणांचा एक कागद करता येत असेल तर आणा. हा माझ्या कामाचा नाही."

 घरी परतल्यावर इंदूताई माझ्या ओट्यावर बसल्या, चहा मागितला, आणि कप तसाच हातात धरून म्हणाल्या, "तो पोरगा खरं बोलला गं, शालू. चव एक नाही आमची. माझ्या एकटीचीसुद्धा एक नाही!"

दुसरी कुणी असती तर कंपनीला शिव्या देत बसली असती. यांनी दोष उचलला आणि घरी नेला.

पुढचं वर्ष वाईट गेलं, हे लपवत नाही. कंपनीनं फ्रीगंजच्या दुकानांत काचेची चकचकीत कपाटं फुकट लावून दिली, आत फक्त त्यांचेच पेले आणि पाकिटं. दुकानदारांनी मिलचे पोहे मागे, अंधारात सरकवले. हकीमभाईंनी अर्धी मिल बंद ठेवली. एक दिवस मूलचंद सेठ ओट्यावर येऊन म्हणाले, "बेनजी, आप साइन कर देतीं तो कम से कम एक चूल्हा तो जलता।" इंदूताई उठून आत गेल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदाच त्यांचे केस तुसाशिवाय पाहिले. मिलवर गेल्याच नव्हत्या.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या त्या मिलवर नाही, टावर चौकात. पोहे-जिलबीच्या गाडीवाल्याला सांगितलं, "उद्यापासून पोहे आम्ही देऊ. रोज वेगळ्या मिलचे. तू फक्त वाफव, आणि कुणाचे ते सांगायचं नाही." नऊही जणांना बोलावलं. सकाळी त्या गाडीभोवती उभं राहून खायचं आणि खोट काढायची. आपले आहेत असं वाटलं तर गप्प बसायचं.

आणि दुसरी गोष्ट, जी मला तर तेव्हा वेडेपणाच वाटली. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याचं करताना आपला हात जपून चालतो. मग रोज दुसऱ्याचंच करू." प्रत्येक मिलची शेवटची चाळण शेजारच्या मिलचा माणूस बघणार. तो हो म्हणेल तरच बोरी शिवायची.

हकीमभाई भडकले. "मेरी छलनी पे मूलचंद का आदमी? कल को मेरी रसोई में भी बिठा दोगी?"

"रसोईत नको," इंदूताई म्हणाल्या, "भाभीजींचा हात चांगला आहे. खोट भट्टीवर आहे."

हकीमभाई रागावून निघून गेले ते बरेच दिवस गाडीवर आलेच नाहीत. इंदूताईंनी त्यांना बोलावणं पाठवलं नाही, स्वतःही गेल्या नाहीत. फक्त रोज सकाळी एक बशी बाजूला काढून ठेवायच्या, वर शेव, जीरावनचा मसाला घालून, आणि गाडीवाल्याला मोठ्यानं सांगायच्या, "ही हकीमभाईंची. गार झाली तर गायीला घाल." टावर चौकातली बातमी घरी पोहोचायला वेळ लागतो का? एक दिवस आले, गार बशी उचलली, घास घेतला आणि म्हणाले, "ये बेनजी का है। कड़क है।" गाडीवाल्यानं मान डोलवली. कारण ते खरंच इंदूताईंचे होते आणि खरंच कडक होते. इंदूताईंनी हातातली बशी ठेवली, रिक्षा केली आणि थेट मिलवर गेल्या. त्या दिवसाची भिजवण त्यांनी पुन्हा घातली. हकीमभाईंच्या चाळणीवर मूलचंदचा माणूस त्या आठवड्यात बसला.

नऊ जणांच्या बोऱ्यांवर, पाकिटांवर नावं ज्याची त्याचीच ठेवली. फक्त कोपऱ्यात एक छोटी खूण आली, गोल चाळणीची. मग दुकानदार, धर्मशाळावाले, खानदेशाकडे बस नेणारे ड्रायव्हर, सगळ्यांना इंदूताईंनी एकच सांगितलं, "नाव बघू नका, चाळण बघा. एकाकडे नसेल तर दुसऱ्याकडचा माल तासाभरात येईल." ट्रक एकत्र भरायला लागले, धानही नऊ जण मिळून घ्यायला लागले. जळगावच्या त्या व्यापाऱ्याला आता दोघंही माल देत होते, त्यामुळे मूलचंद सेठशी अबोला धरायला कारणच उरलं नाही. इंदूताईंना त्याची थोडी चुटपुट लागली असावी.

श्रावणात काय झालं ते मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. देवाची पालखी निघते त्या सवारीच्या दिवशी तुम्हाला माहीतच आहे, गावात पाय ठेवायला जागा नसते, मोठ्या गाड्या बाहेरच अडवतात. कंपनीचा माल इंदूरहून यायचा, तो अडकला. लाखो माणसं भुकेली आणि काचेची कपाटं रिकामी! फ्रीगंजच्या दुकानदारानं इंदूताईंना फोन केला. नऊ मिलमधून स्कूटरवर, सायकलवर, हातगाडीवर, गल्लीबोळांतून माल निघाला. पोतनीस प्रोफेसरसुद्धा एक पिशवी घेऊन चालत गेले, वाटेत कुणाला तरी श्लोकाचा अर्थ सांगत बसले आणि सगळ्यांच्या शेवटी पोहोचले. संध्याकाळी मी पाहिलं. कंपनीच्या त्या दिव्यांच्या कपाटात, वरपासून खालपर्यंत, चाळणीची पाकिटं! दुकानदार हात जोडून म्हणाला, "आंटीजी, अलमारी उनकी है, पर शोभा आपकी।" माझा ऊर असा भरून आला, जशी मिल माझीच होती.

कंपनी काही पळून गेली नाही हं. तिचे पेले अजून मिळतात, माझा नातू हौसेनं खातो. पण मक्सी रोडला नऊ भट्ट्या तेव्हाही पेटत होत्या आणि आजही पेटतात. एवढंच हवं होतं त्यांना.

पुढे एकदा सुहासचा पुण्याहून फोन आला. मोठ्या दुकानात भाजी घ्यायला गेला होता. "आई, इथे चाळणीची खूण आहे पाकिटावर!" इंदूताईंनी विचारलं, "नाव कुणाचं?" "हकीमभाईंचं." "मग घे. आपलेच आहेत." फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सही कर म्हणत होता." बस, तेवढंच. त्या एका वाक्याची चव त्यांनी पुढे कित्येक दिवस घेतली.

शेवटच्या आजारपणात मिलवर जाणं सुटलं. पण बाकीच्यांनी रीत मोडली नाही. रोज सकाळी एकेका मिलकडून मूठभर पोहे माझ्याकडे यायचे, कोरी पुडी, वर नाव नाही. मी करून त्यांना न्यायची. एक दिवस असेच नेले. अंगणात खुर्ची टाकली होती, अंगावर शाल, प्रोफेसर आतून कपबशा विसळत गुणगुणत होते.

इंदूताईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. मी वाट बघत उभी. एरवी घास गिळायच्या आत नाव यायचं. त्या दिवशी आलं नाही. दुसरा घास घेतला. कपाळावर आठी पडली.

"कुणाचे गं हे?"

 म्हटलं, जीभ गेली. आता काय राहिलं या बाईचं! मी तोंड फिरवून साडीच्या पदराशी चाळा करत राहिले.

"बडीशेप कुटून घातलीयेस आज," त्या म्हणाल्या. "आणि लिंबू कालचं कापलेलं आहे. शालू, काटकसर माझ्यावर नको हं करूस."

मी वळून बघितलं. जीभ होती तिथेच होती. इंदूताई हसत होत्या, तोंडभर, सुहास शाळेत पहिला आला होता तेव्हा हसल्या होत्या तशा. केसांत तूस नव्हतं, पण चेहरा अगदी मिलवरून आल्यासारखा.

"हकीमभाईंचे असतील, मूलचंदचे असतील, माझेपण असतील," म्हणाल्या. "नाही सांगता येत."

आणि रिकामी बशी माझ्यापुढे केली.

"आणखी थोडे घाल."